दारात आलेला कोर्टाचा कागद आणि त्यावरचे शब्द

दुपारी पोस्टमन येतो. घरात अम्मी आणि शाळेतून नुकती आलेली मुलगी असते. पोस्टमन सही मागतो, लिफाफ्यावर न्यायालयाचा शिक्का दिसतो आणि अम्मी घाबरून म्हणतात, "अब्बा घरी नाहीत, परत घेऊन जा." संध्याकाळी अब्बा आले की त्यांनाही वाटते, बरे झाले, घेतला नाही. कागदच नाही तर भानगडही नाही.

वसई, नालासोपारा आणि विरार परिसरातल्या कितीतरी घरांत आम्ही हे असेच घडताना पाहिले आहे. खरी अडचण इथूनच सुरू होते. न्यायालयाचा कागद घ्यायला नकार दिला तरी तो मिळाला असेच कायदा धरतो. लिफाफा परत जातो, पण तारीख ठरलेलीच राहते. त्या तारखेला आपण हजर नसलो तर समोरच्याचे ऐकून निकाल लागू शकतो. असा निकाल हातात पडला की माणूस म्हणतो, "आमची बाजू कोणी ऐकलीच नाही." बाजू ऐकण्यासाठीच तर तो कागद आला होता.

कोर्टाची भीती ही बहुतेक वेळा शब्दांची भीती असते. म्हणून या महिन्यात आम्ही कायद्याची चर्चा न करता कायद्याच्या शब्दांविषयी लिहीत आहोत. कागद कोणता आहे आणि त्यावर तारीख कोणती आहे, एवढे घरातल्या प्रत्येकाला वाचता आले तरी अर्धे नुकसान टळते.

हे शब्द आपल्या घरातलेच

गंमत अशी की ज्या शब्दांना आपण घाबरतो त्यांतले बरेचसे आपल्या बोलण्यातले आहेत. वकील, दावा, कायदा, हुकूम, तारीख, मुदत, अर्ज, हजर, जामीन, जप्ती, वारस, कैद हे सारे मुळात अरबी शब्द. फिर्याद आणि दरखास्त हे फारसी. बहामनी काळापासून दख्खनच्या दरबारी कारभारातून ते मराठीत रुजले. पुढे शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली 'राज्यव्यवहारकोश' तयार करवून घेतला आणि अनेक फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरीही कचेरीतले हे शब्द टिकले. आज मराठी न्यायालयात 'फिर्यादी', 'हुकूमनामा', 'कैफियत' हे शब्द हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती सगळेच पक्षकार वापरतात.

महाराष्ट्रातील तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे. म्हणजे वसईच्या न्यायालयातला कागद आपल्या मुलांना वाचता येईल अशा भाषेत असू शकतो. मुलाने तो मोठ्याने वाचून दाखवावा आणि आजी-आजोबांनी त्यातले जुने शब्द समजावून सांगावेत. घरच्या घरी हे सहज होऊ शकते.

पहिला प्रश्न: दिवाणी की फौजदारी?

कागद हातात आला की सर्वात आधी हे पाहावे. जमीन, घर, पैसे, वाटणी, भाडे, करार यांचा वाद म्हणजे दिवाणी. यात तुरुंगाचा प्रश्न सहसा नसतो, हक्काचा प्रश्न असतो. मारहाण, चोरी, फसवणूक, धमकी असा गुन्हा म्हणजे फौजदारी. यात शासन आरोपीविरुद्ध उभे राहते आणि शिक्षा होऊ शकते. एकाच भांडणातून दोन्ही निघू शकतात. बिल्डरने एकच घर दोघांना विकले, तर पैशासाठी दिवाणी दावा आणि फसवणुकीसाठी फौजदारी तक्रार.

दिवाणी दावा लावणारा तो वादी, ज्याच्यावर लावला तो प्रतिवादी. प्रतिवादीला न्यायालय जो कागद पाठवते ते समन्स. त्यावर हजर राहण्याची तारीख असते. प्रतिवादीने आपले म्हणणे लिहून द्यायचे असते, त्याला कैफियत म्हणतात. त्यासाठी समन्स मिळाल्यापासून ३० दिवस असतात. सबळ कारण असेल तर न्यायालय ९० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकते.

प्रतिवादी आलाच नाही तर दावा एकतर्फी चालतो आणि एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करून घेण्यासाठी अर्ज करता येतो, पण मुदत ३० दिवसांचीच. गैरहजर राहण्याचे खरे कारणही दाखवावे लागते. "आम्ही लिफाफा घेतला नाही" हे कारण चालत नाही.

मनाई हुकूम म्हणजे अमुक करू नका असा आदेश: भिंत पाडू नका, घर विकू नका. 'जैसे थे' म्हणजे आज जे जसे आहे तसे ठेवा. हुकूमनामा म्हणजे दाव्याच्या शेवटी कोणाचा हक्क काय हे ठरवणारा आदेश. तो मिळाला म्हणून घर किंवा पैसा आपोआप हातात येत नाही. त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, त्याला दरखास्त म्हणतात. दावा जिंकून लोक घरी बसतात आणि दरखास्त करायची राहून जाते, हेही अनेकदा घडते.

वकिलाने पाठवलेली नोटीस ही वेगळी गोष्ट. तो न्यायालयाचा आदेश नव्हे, समोरच्याचा इशारा असतो. तरी ती कपाटात टाकून विसरू नये. उदाहरणार्थ, आपला चेक बँकेतून परत गेला आणि त्याबद्दल नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. न दिल्यास फौजदारी खटला उभा राहतो आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. छोटा धंदा करणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

अग्रवाल नगरीने शिकवलेले शब्द

नालासोपारा पूर्वेला आचोळे भागात अग्रवाल नगरी आहे. तिथे ४१ इमारती उभ्या होत्या. जमिनीवर सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीचे आरक्षण होते, इमारती अनधिकृत होत्या. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले, पण तिथेही दिलासा मिळाला नाही. काही इमारती २०२४ च्या अखेरीस पडल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये मोठ्या बंदोबस्तात उरलेल्यांवर कारवाई सुरू झाली. सुमारे अडीच हजार कुटुंबांचा प्रश्न होता. परीक्षेच्या तोंडावर मुलांची दप्तरे रस्त्यावर आलेली पाहिली तेव्हा आपल्यातल्या अनेकांना वाटले, आपली इमारत तरी अधिकृत आहे का?

त्या दिवसांत साऱ्या परिसराच्या तोंडी काही शब्द आले. याचिका म्हणजे उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयापुढे केलेली मागणी. स्थगिती म्हणजे एखादी कारवाई वा आदेश काही काळ थांबवणे. स्थगिती म्हणजे जिंकणे नव्हे, फक्त वेळ मिळणे. याचिका फेटाळली म्हणजे मागणी मान्य झाली नाही आणि खालचा आदेश कायम राहिला. विशेष अनुमती याचिका म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने आमचे ऐकावे अशी परवानगी मागणे. ऐकलेच पाहिजे असे त्या न्यायालयावर बंधन नसते.

पण घर घेणाऱ्याला खरे उपयोगी पडतात ते शब्द वेगळे, आणि ते पैसे देण्याआधी कळायला हवेत. नोंदणीकृत करारनामा म्हणजे तुमचा व्यवहार सरकारी दप्तरात नोंदला गेला, एवढेच. बांधकाम अधिकृत आहे याचा तो दाखला नव्हे. नोटरी केलेला कागद म्हणजे सही कोणी केली याची साक्ष. त्याने घराची मालकी मिळत नाही. मुखत्यारपत्र म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करण्याचा अधिकार. निव्वळ मुखत्यारपत्रावर घर विकत घेतले तर मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला आपण सीसी आणि ओसी म्हणतो, ते महानगरपालिकेकडून मिळते. बिल्डरने दाखवलेली झेरॉक्स घेऊन थेट महापालिकेत जावे आणि ती खरी आहे का ते विचारावे. सातबारा पाहावा, जमिनीवर आरक्षण आहे का ते नगररचना विभागात पाहावे. वीजबिल, घरपट्टी आणि पाणीपट्टी भरतो म्हणून घर कायदेशीर ठरत नाही.

कुरआनातील सर्वात लांब आयत सूरह बकरामध्ये आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी, साक्षीदार ठेवण्याविषयी आहे. छोटा असो की मोठा, व्यवहार लिहिण्याचा कंटाळा करू नका असे त्यात सांगितले आहे. "भाई आपलाच आहे, कागद कशाला?" असे म्हणून आयुष्यभराची कमाई हातावर ठेवणारा माणूस ही शिकवणही विसरतो.

फौजदारीचे शब्द

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कलमांचे आकडे बदलले, त्यामुळे जुने आकडे पाठ असलेल्यांनीही कागद नीट पाहावा. मूळ शब्द मात्र तेच आहेत.

दखलपात्र गुन्हा म्हणजे ज्यात पोलीस स्वतःहून तपास आणि वॉरंटशिवाय अटक करू शकतात. त्याची पहिली खबर लिहून घेतात तो एफआयआर. त्याची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती मागून घ्यावी. गुन्हा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतला असला तरी तो नोंदवता येतो, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. अदखलपात्र गुन्ह्याची नोंद म्हणजे आपण म्हणतो ती एनसी. त्यात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. एनसीची पावती हातात घेऊन "केस झाली" असे समजणारे बरेच जण असतात. आपल्याला एफआयआर मिळाला की एनसी, हे ठाण्यातून निघण्याआधी पाहावे.

पोलिसांकडून हजर राहण्याची नोटीस आली तर ती अटक नव्हे. हजर राहून सहकार्य केले तर सहसा अटक टळते, पळ काढला तर अडचण वाढते. अटक झालीच तर कारण सांगितले गेले पाहिजे, वकिलाला भेटता आले पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेले पाहिजे. हे हक्क राज्यघटनेच्या २२ व्या कलमात आहेत. तिथून पोलीस कोठडी म्हणजे तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात, किंवा न्यायालयीन कोठडी म्हणजे तुरुंगात.

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क आहे. अजामीनपात्र याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नाही. तो द्यायचा की नाही हे न्यायालय ठरवते, एवढेच. अटकेची भीती असताना आधीच मागतात तो अटकपूर्व जामीन. तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात जे दाखल करतात ते दोषारोपपत्र. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत ते आले नाही तर कोठडीतील आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो. गुन्हेगार नव्हे. दोष सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते. इस्लामी न्यायातही पुरावा देण्याचा भार दावा करणाऱ्यावरच आहे. मोबाइलवर कोणाच्या अटकेची बातमी आली की त्याला गुन्हेगार ठरवून पुढे पाठवण्याआधी हे आठवावे.

आणखी एक शब्द, जामीनदार. आमच्या ओळखीतल्या एका चाचांनी मित्राच्या कर्जावर "फक्त सही" केली होती. मित्र हप्ते थकवून निघून गेला आणि वसुलीचा कागद चाचांच्या दारात आला. चाचा म्हणत राहिले, "पैसे मी घेतलेच नाहीत." पण कर्जाचा जामीनदार कर्जदाराइतकाच जबाबदार असतो. आधी कर्जदाराला पकडा, मग माझ्याकडे या, असे त्याला सहसा म्हणता येत नाही. फौजदारी खटल्यातही आरोपी तारखेला आला नाही तर जामीनदाराकडून रक्कम वसूल होऊ शकते. मैत्रीत सही करणे वाईट नाही, पण सही कशावर होते आहे हे घरात बसून वाचावे आणि बेगमलाही सांगावे. चाचांच्या घरी चाचींना हे कर्ज वसुलीच्या दिवशी कळले.

घरातल्या नात्यांचे शब्द

पोटगी म्हणजे पत्नी, मुले आणि वृद्ध आई-वडील यांच्या निर्वाहाचा खर्च. यासाठीची तरतूद आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे, पूर्वी ती १२५ व्या कलमात होती. शाहबानो खटल्याचा निकाल १९८५ चा, त्यानंतर १९८६ चा कायदा आला. पुढे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा अर्थ सांगितला, की घटस्फोटितेच्या भविष्याचीही रास्त तरतूद इद्दतच्या काळातच केली पाहिजे. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले, की घटस्फोटित मुस्लिम स्त्री सर्वांसाठी असलेल्या तरतुदीखालीही पोटगी मागू शकते.

एका दमात दिलेला तीन तलाक २०१९ च्या कायद्याने बेकायदा आणि निरर्थक आहे. म्हणजे त्याने निकाह तुटत नाही आणि देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पत्नीला न्यायालयातून निकाह संपवून घ्यायचा असेल तर १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आहे. दारुल कझा किंवा जमातीने समेट घडवून आणला तर उत्तमच. पण त्यांचा निर्णय न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा सक्तीने लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आहे. म्हणून समेटाच्या अटी लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन ठेवाव्यात.

घरातला कर्ता माणूस अल्लाहला प्यारा झाला की नॉमिनी आणि वारस या दोन शब्दांचा घोळ होतो. नॉमिनी म्हणजे बँकेकडून रक्कम स्वीकारणारा. त्यामुळे तो एकटा मालक ठरत नाही. ती रक्कम शरीयतनुसार सर्व वारसांची असते, त्यात आई, पत्नी आणि मुलींचाही हिस्सा असतो. बँकेतील पैशासाठी न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यावे लागू शकते. भावांनी "बहिणीने हक्क सोडला" असा कागद तिच्यापुढे ठेवला, तर त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. सही केली की हिस्सा गेला. बहिणींनी तो वाचूनच सही करावी आणि भावांनी तो पुढे ठेवण्याआधी सूरह निसा वाचावी.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका

विधी सेवा म्हणजे सरकारी खर्चाने मिळणारा वकील आणि सल्ला. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, मुले, कोठडीतील व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग यांना उत्पन्न कितीही असले तरी हा हक्क आहे. इतरांना उत्पन्नाची मर्यादा लागू होते. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज करता येतो. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. लोकअदालत म्हणजे दोन्ही बाजूंच्या संमतीने वाद मिटवण्याची जागा. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नसते आणि प्रलंबित दाव्यात भरलेले न्यायशुल्क परत मिळते. म्हणून तिथे सही करण्याआधी नीट विचार करावा, घाईत डोके हलवू नये.

प्रत्येक खटल्याला १६ अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या मोबाइल अ‍ॅपवर टाकला की पुढची तारीख आणि झालेले आदेश दिसतात. वकीलसाहेबांवर विश्वास ठेवावा, पण तारीख आपल्याला माहीत असावी. घरातली कॉलेजला जाणारी मुलगी हे दोन मिनिटांत पाहून देईल.

शेवटी एक छोटे काम सुचवतो. घरात एक फाईल करा. त्यात घराचा करारनामा, ओसीची प्रत, निकाहनामा, रेशनकार्ड, बँकेचे कागद आणि आलेली प्रत्येक नोटीस ठेवा. कोर्टाचा कागद आला तर तो घ्या, मिळाल्याची तारीख लिफाफ्यावर लिहा आणि त्याच संध्याकाळी सगळ्यांनी बसून मोठ्याने वाचा. दिवाणी की फौजदारी, समन्स की नोटीस, हजर कधी राहायचे, हे तीन प्रश्न सुटले की दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जाताना पाय जड होणार नाहीत.

सूरह निसामध्ये न्यायासाठी ठामपणे उभे राहण्याचा आदेश आहे, मग साक्ष स्वतःविरुद्ध, आई-वडिलांविरुद्ध वा नातेवाइकांविरुद्ध का जात असेना. उभे राहायचे तर आधी हजर तर राहायला हवे. पुढच्या वेळी पोस्टमन दारात आला तर अम्मींनी सही करून लिफाफा घ्यावा, एवढीच आमची विनंती.